पेलिकनकडे जाणारी बाजूची वाट

२२ सप्टेंबर, सोमवार

रांगेत उभं न राहता रांगेत असता येतं! आज पाहिलं. सदुसष्ट वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते असं. सनबर्ड पार्कच्या दारातून आत गेलं की उजवीकडे एक खिडकी आहे. तिथे लुपेचे कागद दाखवले. लुपे माझी नात, माझ्या मुलाची, एतुआलेची थोरली, बारा वर्षांची. दोन काठ्यांवर चालते, झकास चालते, माझ्या पुढे पळते. पण एका जागी उभं राहणं तिच्या पायांना जमत नाही. दहा मिनिटं झाली की गुडघे थरथरतात, मग ती जिथे असेल तिथे खाली बसते. खिडकीतल्या बाईंनी फार चौकशी केली नाही. एक कार्ड लुपेच्या गळ्यात घातलं. आता कुठल्याही राइडपाशी जायचं, बाजूच्या फाटकावर कार्ड दाखवायचं. तिथली पोरगी पाटी बघते. रांग पन्नास मिनिटांची असेल तर कार्डावर पन्नास मिनिटांनंतरची वेळ लिहून देते. तोवर जा, सावलीत पाय पसरा, आइस्क्रीम खा. वेळ झाली की बाजूच्या वाटेनं आत.

म्हणजे पुढे घुसवत नाहीत कुणाला! थांबायचं तेवढंच थांबायचं. फक्त पायांनी नाही.

मी त्या फाटकावरच्या पोरीला विचारलं. कर्स्टी तिचं नाव, नाकावर गालावर नुसते ठिपकेच ठिपके. म्हटलं, "मग आमच्या वाटचं रांगेत कोण उभं राहतं?" ती हसली. म्हणे, "कुणी नाही, पेनिना. तुमची जागा उभी राहते." जागा उभी राहते! आमच्या बेटावर, सालेलोलोगाच्या धक्क्यावर, आम्ही असंच करायचो. बोटीच्या रांगेत टोपली ठेवायची आणि चहाला जायचं. मागचा माणूस ती पायानं पुढे ढकलत राहायचा. एकदा लोकांनी माझी टोपली इतक्या इमानानं ढकलली की ती बोटीत चढली आणि मी धक्क्यावर! आत कोंबडी होती. कोंबडी माझ्याआधी माझ्या बहिणीच्या घरी पोचली. असो.

आता पेलिकनचं. ती एक राइड आहे, तळ्याच्या काठाला. एक लांब लोखंडी हात माणसांना उचलतो, वर नेऊन पालथं करतो आणि पाण्यावरून पक्ष्यासारखा झोकतो. लुपे सहा वर्षांची असल्यापासून तिच्यासाठी थांबली आहे. उंची कमी पडायची. दर वाढदिवसाला दारापाशी उभी राहून स्वतःला मोजायची. या जुलैत एकदाची पुरली! आणि आता पार्कवाले पेलिकन मोडणार आहेत. म्हातारा झाला म्हणे. शेवटचा दिवस ५ ऑक्टोबर. तो रविवार, रविवारी आम्ही चर्चला. म्हणजे आमच्यासाठी शनिवार, चार तारीख.

तर वेळ झाली, बाजूच्या वाटेनं निघालो. ती वाट बघा कशी — हलक्या चढाची, कठड्याची, आणि पूर्ण वेळ रांगेच्या पुढून जाते! एका बाजूला आम्ही दोघी, दुसऱ्या बाजूला चारशे माणसं उन्हात उभी. आता लोकांच्या पुढून जायचं तर कंबरेत वाकायचं, हात खाली सोडायचा आणि "तुलोउ, तुलोउ" म्हणत जायचं. माफ करा, तुमच्या पुढून जाते. हे काय शिकवावं लागतं? चार माणसं असोत की चारशे. मी वाकले आणि निघाले. "तुलोउ, तुलोउ, तुलोउ." एक बाई म्हणाली, "चालू द्या हो मावशी!" एका टकल्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, तोही वाकला. मग त्याची बायको हसली, मग मी हसले, मग मी थांबून त्यांना सांगत बसले की आमच्या सवाई बेटावर कसं असतं. लुपे तोवर वर पोचलीसुद्धा.

वर फलाटावर पुन्हा कर्स्टीच, त्यांच्या जागा फिरत असतात. माझ्याकडे बघून म्हणाली, "पेनिना, पाठीला काय झालंय?"

"काही नाही गं. आदर आहे हा."

"दुखते का?"

"आदर कधी दुखतो का?"

ती नाही हसली. म्हणाली, लुपेच्या शेजारी मोठं माणूस लागतं. पेलिकन वरच अडकला तर त्या माणसानं लुपेला चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरवून आणायचं. आणि खांद्यावरून दांडा येतो, पाठ ताठ लागते. "आज तुम्हाला नाही बसवता येणार." तिनं आमच्या कार्डावर एक खूण केली. खिडकीजवळ बारा पायऱ्या आहेत, म्हणे तिथे ताठ चढून-उतरून दाखवा, कठडा न धरता. नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी. मग खूण काढू.

मी तमाशा करणार नाही म्हटलं. वाकण्याला दुखणं समजली पोरगी! आमच्याकडे ताठ जाणाऱ्यालाच विचारतात, तुला काय झालंय म्हणून.

लुपे रडली नाही. मला वाटलं रडेल. ट्रेनमध्ये खिडकीतून बघत राहिली.

रात्री जेवताना एतुआलेला म्हटलं, तू ने तिला. तो म्हणाला, "आई, दोन वर्षांपूर्वी बसलो होतो. दांडा माझ्या पोटावर लागेचना. दोन पोरांनी दाबून बघितला. सगळी रांग बघत होती. उतरलो." आणि साप्सुईच्या शेवया पुन्हा वाढून घेतल्या. सोसेला, म्हणजे सुनेला, विचारलंच नाही. तिला वृद्धाश्रमातून शनिवारची सुट्टी मिळत नाही, आणि ती स्टुलावर चढून बल्बसुद्धा बदलत नाही.

२३ सप्टेंबर

लुपे बोलत नाही. नऊ पानिकेके खाल्ले, मी तळलेले गोड गोळे. खाते म्हणजे राग माझ्यावर नसावा. की आहे?

२४ सप्टेंबर, बुधवार

आज दुकानांच्या मोठ्या इमारतीत गेले, तेल आणायला. तेल राहिलंच.

तिथे मधल्या बाकांवर माणसं बसलेली असतात. म्हटलं बघू या, पुढून ताठ जाणं कसं असतं. कुणी ओळखीचं नाही ना, पाहिलं आधी. मग निघाले. पहिलं पाऊल ताठ. दुसरं ताठ. तिसऱ्याला एक म्हातारे गृहस्थ दिसले, हातात पेपर, आणि माझी कंबर आपोआप खाली. "तुलोउ." जणू कुणी दोरी ओढली!

मग बसले आणि बाकीचे काय करतात ते बघत राहिले. दीड तास बघितलं. फार मजा. इथले लोक वाकत नाहीत, पण काही करतच नाहीत असं नाही हं! एक ओठ आत ओढून हसल्यासारखं करतो. एक "सॉरी, सॉरी" म्हणत बोटांवर चालते. आणि बसलेले पाय आत घेतात! मला आधी वाटायचं, पाय तुडवेल कुणी म्हणून घेतात. पण वाट चांगली रुंद असली तरी घेतात. म्हणजे वाकतो कोण, तर बसलेला! आमच्याकडे जाणारा वाकतो, यांच्याकडे बसलेले गुडघे वाकतात. पस्तीस वर्षं राहते इथे आणि हे मला आज दिसलं!

घरी येऊन सोसेला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तेल कुठेय?"

२५ सप्टेंबर

लुपे बोलली. म्हणाली, "आजी, पेलिकन राहू दे. आपण बोटीत बसू."

बोट म्हणजे ती पाण्यातली, हळूहळू जाणारी, लहान मुलांची. सहा वर्षं थांबलेली पोर बोटीत बसू म्हणते!  ठरवलं. बारा पायऱ्या ताठ चढून दाखवीन. तमाशा तर तमाशा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तालीम.

सोसेनं बाहेरच्या खोलीत चटई घातली. म्हणाली, आम्ही रांग होतो, तुम्ही आमच्या पुढून ताठ जायचं. एतुआले बसला, सोसे बसली, लुपे काठ्या बाजूला ठेवून बसली. शेजारच्या टोंगन बाई साखर मागायला आल्या होत्या, त्यांनाही बसवलं.

मी निघाले. एतुआले लगेच सुरू — "काय हो बाई, आम्ही इथे सकाळपासून उन्हात, आणि तुम्ही कोण राणी का?" टोंगन बाई हसून हसून लोळल्या. मी म्हटलं, "चूप रे, नाहीतर रांगेतून काढीन." सोसे म्हणाली, "आई, ताठ!" मी ताठ झाले. "ताठ, आई!" अगं झालेच आहे की. "नाही झाल्या."

मग मला एक गोष्ट सुचली आणि मी मधेच थांबले. ही तर माझी पोरं! माझ्या मुलाच्या, सुनेच्या, नातीच्या पुढून जायला मला वाकायचं कारण काय? मी घरातली थोरली. वाकायचं त्यांनी! तुलोउ त्यांनी म्हणायचं! म्हणजे इथे माझी कंबर आपसूक सरळच राहायला हवी. मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, हे बघा, आता बघा. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत राणीसारखी चालत गेले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सोसे उठली. आता तिचा चेहरा हसरा नव्हता. म्हणाली, "आई, दारापाशी या जरा." त्या चौकटीवर लुपेच्या उंचीच्या खुणा आहेत, आणि गंमत म्हणून सात वर्षांपूर्वी लुपेनं माझीही केली होती, लाल खडूनं. सोसेनं माझी टाच चौकटीला लावली, डोकं लावलं. डोकं नीट लागेना. तिनं डोक्यापासून लाल खुणेपर्यंत बोटं ठेवून मोजलं. चार बोटं.

"बुटकी झाले मी?" मी विचारलं. मला हसूच आलं. लुपे वाढली तितकी मी कमी! घरातली उंची घरातच राहिली.

सोसे हसली नाही. ती म्हणाली, "दिवसभर दुसऱ्यांच्या आया उचलते मी. कामावर असते तर एका नजरेत दिसलं असतं. घरात बघितलंच नाही."

लुपे चटईवरून माझ्याकडे बघत होती. 

२७ सप्टेंबर

सवय आहे नुसती. साठ वर्षं वाकणारी कंबर आठ दिवसांत कशी ऐकेल? सोसे उगाच घाबरते.

२९ सप्टेंबर, सोमवार

सोसेनं धरून डॉक्टरकडे नेलं. बाई तरुण आहेत, गार हातांच्या. खूप प्रश्न. "दुखतं का?" म्हटलं, दुखतं की. या वयात दुखू नये का? "किती वर्षं?" कोण मोजतं! "उठताना?" उठताना काय, उठले की झालं.

मग फोटो काढायला पाठवलं. पालथं, कुशीवर, श्वास धरा, सोडा. त्या यंत्राचं मला फार कौतुक वाटलं. विचारलं, जेवलेलं दिसतं का त्यात? मुलगा म्हणाला, नाही. बरं झालं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज मी माझ्या आत पाहिलं!

उजेडाच्या पाटीवर माझी पाठ. पांढऱ्या डब्या एकावर एक रचलेल्या, आणि त्यातल्या तीन चेपलेल्या, पुढून. डॉक्टरबाई पेन्सिलीनं दाखवत होत्या. हाडं पातळ झालीत, हे तीन मणके दबलेत, एकदम नाही, वर्षांवर वर्षं. मी म्हटलं, "मग मी वाकते ते —" त्या म्हणाल्या, "तुम्ही आता सरळ होऊच शकत नाही, पेनिना. बराच काळ झाला."

बराच काळ! म्हणजे मी लोकांपुढून जाताना वाकत होते आणि लोक गेल्यावर सरळ होत नव्हते. आणि मला वाटत होतं, केवढी मी शालीन!

घरी येईपर्यंत हसत होते. मग भांडी घासताना हसू थांबलं. तेही लिहून ठेवते.

गोळ्या आहेत, सुई आहे सहा महिन्यांतून एकदा. पेलिकन? डॉक्टरबाईंनी आधी विचारलं पेलिकन म्हणजे काय. मी हातानं करून दाखवलं. त्यांनी माझा हात हवेतच धरला. "नाही. कधीच नाही."

म्हणजे कर्स्टी चुकून बरोबर निघाली! हेच मला राहून राहून नवल वाटतं. डॉक्टरबाईंना यंत्र लागलं, सुनेला चौकट लागली. त्या ठिपकेवालीनं एका नजरेत कसं ओळखलं? हजारो माणसं चढवते-उतरवते ती रोज!

पण लुपेचं काय? तीन दिवस राहिले.

२ ऑक्टोबर

सोसेनं शनिवारची पाळी बदलून घेतली. बदल्यात दोन रात्रपाळ्या दिल्या, आणि वर मीच केलेले वीस पानिकेके. मी विचारलं, "तू? पेलिकनवर?" ती म्हणाली, "डोळे मिटून बसेन. डोळे उघडे ठेवायचा नियम आहे का?"

लुपेनं आईला मिठी मारली, इतकी की एक काठी पडली.

४ ऑक्टोबर, शनिवार

पाय दुखतायत, पाठ दुखतेय (आता लिहायला हरकत नाही), पण आज लिहिणारच.

गर्दी अशी की चर्चच्या वार्षिक जेवणालाही नसते. सगळे पेलिकनला निरोप द्यायला आलेले. काही जण तर लग्नाचे कपडे घालून! त्यांचं ठरलं होतं म्हणे वरच, वीस वर्षांपूर्वी.

खिडकीतल्या बाईंनी डॉक्टरची चिठ्ठी वाचली आणि मलाही एक कार्ड दिलं. माझं स्वतःचं! आणि चाकांची खुर्ची. मी म्हटलं, नको, मी चालते. सोसे म्हणाली, "आई, बसा." कामावरच्या आवाजात. बसले.

आणि बाई गं, काय शोध लागला! त्या बाजूच्या वाटेनं, पुन्हा त्या सगळ्या माणसांच्या पुढून, मी खुर्चीत. आता वाकायचं कसं, मला पंचाईत पडली. मग लक्षात आलं. मी तर आधीच सगळ्यांच्या खाली आहे! पोरासोरांच्याही खाली. वाकायचं ते कशासाठी, तर आपलं डोकं त्यांच्यापेक्षा वर नको म्हणून. ते खुर्चीनंच करून टाकलं. मी मजेत हात हलवत "तुलोउ, तुलोउ" म्हणत गेले, पाठीला काही त्रास नाही. ही खुर्ची कुणी आमच्या बेटावरच्या माणसानंच काढली असणार.

पाटीवर एक तास चाळीस मिनिटं होती. कार्डावर वेळ लिहून घेतली आणि झाडाखाली बसलो. तारोचा उकडलेला कंद आणला होता डब्यात, गार झालेला. सोसे एक घास खाईना. लुपे पेलिकनचे फेरे मोजत होती. एका फेऱ्यात चोवीस माणसं, चार मिनिटं, एवढ्या वेळात किती जण, असं सगळं. आपली न उभी राहिलेली जागा आता कुठवर सरकली असेल, ते बोटानं दाखवत होती. "आता त्या लाल टोपीपाशी, आजी. आता कठड्याच्या वळणापाशी." मला खरंच दिसायला लागली ती जागा! रिकामी, तिघींच्या मापाची, हळूहळू पुढे चाललेली.

वेळ झाली. वर फलाटापर्यंत मला येऊ दिलं. कर्स्टीच होती. तिनं लुपेला बसवलं, काठ्या माझ्या मांडीवर दिल्या, दांडा लावला, दोनदा ओढून बघितला. सोसेचे डोळे तेव्हाच मिटलेले. दांडाही लागला नव्हता तिचा!

मी कर्स्टीला म्हटलं, "पोरी, तू माझी पाठ एका नजरेत ओळखलीस. डॉक्टरला नाही जमलं. कसं गं?"

ती लुपेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमचं कामच आहे ते, पेनिना." आणि लाल बटणाकडे गेली. कान लाल झाले तिचे. कौतुक सहन होत नाही काही जणांना.

पेलिकन उचलला गेला. वर, वर, मग पालथा. एक किंकाळी आली, ती सोसेची, मी कुठेही ओळखीन. देवाचं नाव, मग आईचं, मग एतुआलेला एक शिवी, त्यानं काय केलं होतं कोण जाणे! खालची सगळी रांग हसत होती. लुपेचा आवाज नाही. मी लुपेचाच आवाज ऐकत होते. तळ्यावरून झोका गेला तेव्हा दिसली. दोन्ही हात पसरलेले. तोंड उघडं. पाय लोंबत होते, हलके, जसे सगळ्यांचेच लोंबत होते.

खाली आली ती थरथरत, आणि फलाटावरच बसली, हसत. कर्स्टीही तिच्या शेजारी खाली बसली. मागच्यांना कुणाला घाई नव्हती.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"समुद्र. आणि तू. तू केवढी छोटी, आजी!"

सोसेनं झाडाखाली बसून उरलेला सगळा तारो खाऊन टाकला.

५ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर जेवणं झाली. लुपे माझ्या पाठीला तेल लावत होती, तीन चेपलेल्या डब्या कुठे ते बोटानं शोधत. शोधावं लागत नव्हतं तिला.

म्हणाली, "कर्स्टीनं काही ओळखलं नव्हतं, आजी. तू खाली त्या टकल्या माणसाशी बोलत होतीस ना, तेव्हा मी तिला सांगितलं. आजीची पाठ मोडकी आहे, विचारलंस तर नाही म्हणेल, तिला बसू देऊ नकोस."

मी वळून तिच्याकडे बघितलं. मग विचारलं, "आणि तुझा पेलिकन हातचा गेला असता तर?"

"गेला असता," म्हणाली.